साडेचारचं माप

१

माझं काम उंदरांचं. मेंदूवर संशोधन करणाऱ्या एका संस्थेत मी एकोणीस वर्षं पिंजरे सांभाळते आहे. सकाळी सातला आत गेलं की हातमोजे चढवायचे, पिंजऱ्यातला भुसा बदलायचा, पाण्याच्या बाटल्या भरायच्या, मग एकेकाला वजनकाट्यावर ठेवायचं. शेपटीला धरायचं नाही. पोटाखाली हात घालून उचलायचं. नव्या मुली पहिल्या दिवशी किंचाळतात. मी त्यांना म्हणते, "अगं, तो तुझ्याहून जास्त घाबरलाय. त्याची तरी लाज राख."

वजनं झाली की चौक. चौक म्हणजे चार फाटे असलेला लाकडी रस्ता, अधिकच्या चिन्हासारखा. उंदराला खालच्या फाट्यात सोडायचं. उजव्या फाट्याच्या टोकाला गोड गोळी ठेवलेली असते. चार-पाच दिवसांत तो सरळ येऊन उजवीकडे वळायला शिकतो. मग एक दिवस आमच्या मॅडम, म्हणजे ज्यांचा हा प्रयोग आहे त्या, म्हणतात, "आज उलटीकडून सोडा."

म्हणजे वरच्या फाट्यातून. आता गडी काय करतो ते बघायचं. गोळीची जागा लक्षात असेल, तर तो या वेळी डावीकडे वळतो आणि बरोब्बर गोळीपाशी पोचतो. नुसतं वळण अंगात भिनलं असेल, तर पुन्हा उजवीकडे वळतो आणि रिकाम्या फाट्यात हवेचा वास घेत उभा राहतो.

"जागेची आठवण एका खोलीत आणि वळणाची दुसऱ्या खोलीत," असं मॅडमनी मला पहिल्याच वर्षी समजावलं होतं. मेंदूत खोलवर वाकड्या शेंगेसारखा एक भाग असतो, हिप्पोकॅम्पस. जागा आणि घडून गेलेल्या गोष्टी तो धरून ठेवतो. सवयी सांभाळणारा भाग वेगळा. पहिला निकामी झाला तरी उंदीर वळणं चुकत नाही, फक्त आपण कुठे आहोत हे त्याला ठाऊक नसतं. आणि बदामाच्या आकाराचा तिसरा एक भाग, त्यात भीती राहते. तो काढलेला उंदीर मांजराचा वास असलेल्या फडक्यावर खुशाल झोप काढतो.

हे सगळं मी उंदरांपुरतं शिकले होते. घरी उपयोगाला येईल असं काही वाटलं नव्हतं.

२

आमचे हे शिंपी. घरातच पुढच्या खोलीत मशीन. मुलगी एकच, तिला आम्ही खारू म्हणायचो, कारण गालात घास साठवून खारीसारखी तासभर बसायची. शाळा साडेचारला सुटायची. मी तेव्हा कामावर असायचे. हे मशीन थांबवायचे, सात पावलं चालून उजवीकडे वळायचे आणि दार उघडायचे. दप्तर खाली ठेवायच्या आत म्हणायचे, "उभी राहा बघू. आज किती वाढलीस?" गळ्यातली टेप काढून तिचं टोक पायाच्या अंगठ्याखाली दाबायचे, टेप वर ताणायचे आणि तळवा तिच्या डोक्यावर सपाट ठेवून आकडा वाचायचे. रोज कुणी वाढतं का? पण तो त्या दोघांचा खेळ होता. कधी मी रजेवर असले तर स्वयंपाकघराच्या दारातून बघायचे. मला कुणी बोलावलं नाही, आणि मीही मध्ये गेले नाही.

ती सात वर्षांची असताना एकाच आठवड्यात दोघांना ताप आला आणि मेंदूत चढला. खारू चौथ्या दिवशी गेली. शेवटचा फ्रॉक मी माझ्या हातांनी तिच्या अंगात घातला. हे बेचाळीस दिवसांनी घरी आले, पण बारा वर्षं वाटेत कुठेतरी सांडून आले. मी लक्षात होते, लग्न लक्षात होतं. त्यानंतरचं काही नाही. आत्ता सांगितलेलंही दहा मिनिटांत पुसलं जायचं.

घरी आल्यावर तिसऱ्या दिवशी विचारलं, "अगं, आपल्याला मूल नाही का?"

मी सांगितलं. हे रडले. संध्याकाळी पुन्हा विचारलं, पुन्हा सांगितलं, पुन्हा पहिल्यासारखेच रडले. तिसऱ्यांदाही तसंच. चौथ्यांदा मी म्हणाले, "नाही." मग तेच उत्तर कायम ठेवलं.

हात मात्र शाबूत होते. काज-बटण, कॉलर, प्लीट, कशातही टाका इकडचा तिकडे नाही. कपडा कुणाचा ते विसरायचे, कसा शिवायचा ते नाही.

जुन्या घरात मला राहवेना, म्हणून आम्ही घर बदललं. नवीन घरात मशीन ठेवलं आणि पहिल्याच दिवशी साडेचारला हे उठले. सात पावलं चालले, उजवीकडे वळले. तिथे दार नव्हतं, कपाट आणि खिडकी यांच्यामधली कोरी भिंत होती. भिंतीसमोर थांबून टेप काढली, टोक अंगठ्याखाली दाबलं, तळवा हवेत सपाट धरला आणि पुटपुटले, "शेहेचाळीस."

आणि परत येऊन मशीनवर बसले.

"काय मोजलंत?" मी विचारलं.

"कुठे काय?"

मी मॅडमना सांगितलं. डोळ्यांत पाणी होतं म्हणून हसत सांगितलं, "जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात ना, तसं आहे बघा." मॅडम म्हणाल्या, उंदरांनाही घड्याळाशिवाय खाण्याची वेळ कळते. सवय आहे, चालू दे, त्याने त्यांना बरंच वाटत असेल.

मी कामाची वेळ बदलून घेतली. साडेतीनला सुटून चारला घरी यायला लागले. खरं सांगायचं तर तो आकडा ऐकायला यायचे. एक वर्षभर रोज ऐकला. शेहेचाळीस. खारूचं शेवटचं माप.

३

मग एका साध्याशा मंगळवारी मी दोरीवरचे कपडे काढून घड्या घालत होते. हे उठले, सात पावलं, वळण, टेप.

"साडेशेहेचाळीस."

माझ्या हातात उशीचा अभ्रा होता. त्याची घडी मी चार वेळा घातली आणि चार वेळा मोडली.

माणूस आहे, चुकला असेल. दुसऱ्या दिवशी चूक सुधारेल म्हणून वाट बघितली. दुसऱ्या दिवशीही साडेशेहेचाळीस. महिनाभर साडेशेहेचाळीसच. आणि पुढे केव्हातरी सत्तेचाळीस.

टेप जुनी होऊन ताणली असेल, असं मनाशी म्हटलं आणि त्या संध्याकाळी अगदी हलकी झाले. जेवताना ह्यांना विचारलंसुद्धा, "अहो, टेप ताणली तर माप चुकतं ना?"

"चुकणारच," हे घास घेत म्हणाले. "ताणलेली टेप माप कमी दाखवते. इंच लांबतो ना."

"जास्त नाही दाखवत?"

"जास्त कशी दाखवेल? तुला शिंप्याची बायको म्हणायचं कसं!"

मी तरी नवीन टेप आणली. नवीन टेपवरही सत्तेचाळीस.

मग भिंतीवर पेन्सिलीने रेघ मारली, जिथे ह्यांचा तळवा थांबायचा तिथे. खांदा आखडला असेल, पाठ सरळ झाली असेल, कारण काहीही असेल, पण आपल्याकडे नोंद हवी. एकोणीस वर्षं मी हेच केलंय. दर महिन्याला एक रेघ. कधी आधीच्याच रेघेवर यायची, कधी केसभर वर. खाली मात्र एकदाही आली नाही.

४

"मॅडम, सवय वाढते का हो?" मी विचारलं. त्या चौकाच्या वरच्या कॅमेऱ्याची वायर नीट करत होत्या.

"पक्की होते."

"पक्की नाही. वाढते का? म्हणजे पोरं वाढतात तशी."

त्यांनी वायर सोडली. "सवय म्हणजे चाकोरी. चाकोरी खोल होत जाते, उंच नाही होत. का?"

मी आकडे सांगितले. त्या वेळी अठ्ठेचाळीस चालू होतं. मॅडमनी वायर पुन्हा हातात घेतली. मग म्हणाल्या की, अंदाजाने ते बाहेरच्या मुलांचे कपडे शिवत असतील, मापं ऐकत असतील, त्यातलं काहीतरी झिरपत असेल. त्यांना स्वतःला ते पटलेलं दिसलं नाही. मला पटवून घ्यायचं होतं, म्हणून मी पटवून घेतलं.

त्याच सुमारास आमच्याकडचा एक प्रयोग संपला. त्यातला शेवटचा उंदीर म्हातारा झाला होता. बदाम काढलेला, म्हणून त्याचं नाव आम्ही बिनधास्त ठेवलं होतं. कुणाच्याही हातावर बसायचा, झाडू अंगावर आला तरी मिशी हलवायचा नाही. मॅडमनी सही करून दिली आणि मी त्याला घरी आणलं. पिंजरा खिडकीजवळच्या कपाटावर ठेवला. म्हटलं, ह्यांना सोबत होईल.

हे त्याच्याकडे बघून रोज नव्याने खूश व्हायचे. "अगं, उंदीर पाळलास की काय!"

आणि बिनधास्त, जो दिवसभर भुशात तोंड खुपसून झोपायचा, तो साडेचारला उठून जाळीपाशी यायचा. मागच्या पायांवर उभा राहून भिंतीच्या बाजूला मान ताणायचा आणि नाक हलवायचा. संस्थेत आम्ही गोळी घेऊन गेलो की उंदीर जसं करतात, अगदी तसं. समोर हात असल्यासारखं.

उंदराला मांजर साक्ष म्हणतात. इथे उंदीरच साक्षीदार झाला होता, मांजर कोण ते कळत नव्हतं, आणि साक्षीदार असा की त्याला भीतीच ठाऊक नाही. मी हसायचा प्रयत्न केला. मग एक गोष्ट मनात आली आणि हसू विरलं. तापाने ह्यांचीही भीती नेली होती. रस्त्यावर गाडी अंगावर आली तरी हे दचकत नसत, डॉक्टरांनी मला तेव्हाच बजावलं होतं की यांना रस्त्यावर एकटं सोडू नका. म्हणजे घरात तिघं होतो. दोघांना भीती वाटत नव्हती, आणि काही कळत होतं ते त्या दोघांनाच.

५

पन्नास झालं त्या आठवड्यात मी मशीन हलवलं.

समोरच्या भिंतीला नेऊन उलटं ठेवलं, म्हणजे चौकाचा वरचा फाटा. आता हे उठून सात पावलं चालले आणि उजवीकडे वळले, तर मोरीपाशी जातील. तसं झालं तर ही नुसती वळणाची सवय. त्या भिंतीपाशी कुणी नाही, कधी नव्हतं. आणि जागेकडे जायचं तर डावीकडे वळावं लागेल, पण जागा धरून ठेवणारा भागच ह्यांच्याकडे उरलेला नाही. ह्यांना स्वतःच्या घराचं दारही दाखवावं लागतं.

साडेचार. मशीन थांबलं. सात पावलं. उजवीकडे. मोरीसमोर उभे राहून टेप काढली. टोक अंगठ्याखाली दाबलं, तळवा वर नेला, आणि तो तिथे थांबेना. वर गेला, खाली आला, चाचपडला. आकडा आलाच नाही. हे गोंधळून माझ्याकडे बघायला लागले.

"काही नाही, अहो. बसा." मी म्हणाले. मला वाटलं सुटले. रात्री पोटभर जेवले.

दुसऱ्या दिवशीही मोरी. हात रिकामा.

तिसऱ्या दिवशी मी दूध तापवत होते. मशीन थांबलं तसं ज्योत बारीक केली आणि दारात येऊन उभी राहिले. सात पावलं झाली. हे उजवीकडे वळायला लागले. अर्धे वळले, आणि थांबले. मान खाली करून डाव्या बाहीकडे बघितलं. चेहऱ्यावर राग नाही, नवल नाही. लहान मूल काही दाखवायला ओढत असतं तेव्हा माणूस जसा कामातून वाकून बघतो, तसं.

मग डावीकडे वळून भिंतीपाशी गेले.

"पन्नास."

मागे दूध उतू गेलं. गॅस विझल्याचा वास आला तेव्हा मी आत गेले.

नंतर सदरा धुवायला घेतला. डाव्या बाहीच्या कडेला, मनगटाच्या किंचित वर, कापड चुरगळलेलं होतं. मुठीत धरल्यावर चुरगळतं तसं. मूठ फार मोठी नसावी. मी त्या सुरकुतीवर बोट ठेवून मोरीच्या कट्ट्यावर बसून राहिले. तो सदरा मी धुतला नाही.

मॅडमना हे सांगितलं नाही. त्यांनी पुन्हा काही कारण शोधलं असतं, आणि मला आता ते नको होतं. मला भीती वाटत होती, हे खरं. पण तिच्या खाली दुसरं काहीतरी होतं, आणि ते भीतीहून वाईट होतं. दोन वर्षं ती रोज शाळेतून घरी येत असेल, आणि मी घड्या घालत बसले असेन, तर?

६

मशीन पुन्हा जागेवर नेलं. त्या शुक्रवारी चार वाजून वीस मिनिटांनी मी भिंतीला पाठ लावून उभी राहिले. पेन्सिलीच्या रेघा माझ्या पाठीमागे होत्या. कपाटावर बिनधास्त आधीच उठून बसला होता.

मशीन थांबलं.

सात पावलं. ती मला कधी इतकी लांब वाटली नव्हती. हे वळले. मला बघतील, विचारतील, "इथे काय करतेस?" असं वाटलं. पण नजर माझ्यावरून घसरली, घरातल्या रोजच्या वस्तूवरून घसरते तशी, आणि खाली गेली. माझ्यासमोर, वीतभर अंतरावर थांबली. मग हे हसले. तापानंतर ह्यांचं असं हसू मी पाहिलं नव्हतं.

"उभी राहा बघू."

इतकी वर्षं नुसता आकडा पुटपुटायचे. शब्द आज आले.

टेपचं टोक अंगठ्याखाली गेलं. ह्यांचा पाय माझ्या पायापासून वीतभर दूर होता. टेप माझ्या पोटासमोरून वर गेली. तळवा माझ्या खांद्याच्या उंचीवर आला आणि सपाट होऊन थांबला. चाचपडला नाही. कशावर तरी टेकला.

"हलू नकोस," हे म्हणाले. "आईकडे काय बघतेस मागे वळून? समोर बघ."

मी खाली बघितलं नाही. बघायला हवं होतं. मी समोरच्या खिडकीच्या गजाकडे बघत राहिले, त्याचा रंग उडालेला होता. आणि तेव्हा माझ्या साडीच्या निऱ्या पोटाशी दाबल्या गेल्या. हळूच. कुणीतरी पाठ टेकावी तशा. पाठीला मागे आई आहे हे ठाऊक असावं आणि सगळा भार निवांत मागे टाकावा, तेवढ्या वजनाने.

मी मागे सरले.

मागे भिंत होती, तरी सरले. कोपर भिंतीवर आपटलं, तोंडातून आवाज निघाला. अंग चोरून एका बाजूला झाले, आणि निऱ्यांवरचा भार सुटला.

ह्यांचा तळवा क्षणभर तसाच हवेत राहिला. मग खाली आला, आधार काढून घेतल्यासारखा. ह्यांची नजर हलली. भिंतीपासून बाहेरच्या दारापर्यंत, सावकाश, जमिनीपासून त्याच उंचीवरून गेली. कपाटावर बिनधास्तने जाळीला धरून तशीच मान फिरवली.

दार बंदच होतं.

हे टेप गुंडाळायला लागले. "घाबरवलंस ना तिला," म्हणाले.

"कुणाला?" मी पुढे झाले. "अहो, सांगा ना, कुणाला घाबरवलं मी?"

हातातल्या टेपकडे बघून ह्यांनी माझ्याकडे बघितलं. चेहरा स्वच्छ होता, पुसलेल्या पाटीसारखा.

"कुणाला काय?"

७

दुसऱ्या दिवशी साडेचारला मशीन थांबलं नाही. त्या दिवसापासून कधीच थांबलं नाही. हे शिवतच राहतात. मी मुद्दाम हाक मारून उठवलं, हाताला धरून भिंतीपाशी नेलं, टेप हातात दिली. हे म्हणाले, "कुणाचं माप घ्यायचंय?" आणि माझं घेऊन दाखवलं.

बिनधास्त त्या वेळी झोपलेला असायचा. दीड महिन्याने तो तसाच झोपेत गेला.

मॅडमना मी एकदाच विचारलं, "माणसाचा तो बदाम काढता येतो का हो?"

त्या हसल्या नाहीत. हातमोजे काढून माझ्याशेजारी स्टुलावर बसल्या. "काढून काय होईल?"

"मी मागे सरणार नाही."

त्यांनी माझा हात धरला. पिंजऱ्यांतून खुडबुड चालू होती.

आता मी रोज साडेचारला ह्यांच्या मशीनपाशी खुर्ची ओढून बसते आणि सांगते. आपल्याला एक मुलगी आहे. तिला खारू म्हणायचो, कारण गालात घास ठेवायची. चित्रात सगळ्या माणसांना सहा बोटं काढायची आणि म्हणायची, एक जास्तीचं असू दे. तापापर्यंत मी येत नाही. त्याच्या अलीकडेच थांबते. हे मशीन बंद करून ऐकतात, मध्येच हसतात, "खरंच? सहा बोटं?" असं विचारतात. रोज पहिल्यांदाच ऐकतात, त्यामुळे रोज तेवढेच आनंदतात. मला आधीच सुचायला हवं होतं हे.

शेवटी न चुकता विचारतात, "मग आत्ता कुठे आहे ती?"

पूर्वी मला याचं उत्तर येत होतं.